मुलाखतीची वही



गेल्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक पदवीधर कन्या आम्हांस भेटावयास आली. जपानमधील शाळांत इंग्रजी शिकविण्याच्या कामासाठी तिने अर्ज केला होता व मुलाखतीचे बोलावणे आले होते. हाती पाठ केलेल्या उत्तरांची वही होती. ती म्हणाली, “फादर, एवढी उत्तरे ऐकून घ्या. आणि माझे उच्चार साहेबी वाटतात का, तेही सांगा. घरी आम्ही मराठी बोलतो, हे त्यांना कळता कामा नये.”

आम्ही ऐकले. इंग्रजी निर्दोष होते; परंतु जपानी मुले त्यात कोठेच नव्हती. चेरीचा बहर पाहावयाचा आहे, वक्तशीर आगगाड्यांतून फिरावयाचे आहे, हे बोलणे प्रवाशाचे झाले, शिक्षकाचे नव्हे.

जपान सरकारने १९८७ साली ‘जेट’ नावाची योजना सुरू केली. तीतून जाणारे बहुतेक तरुण सहायक भाषा-शिक्षक होतात. वर्ग जपानी शिक्षकाचा. परदेशी पाहुणा त्याचा जोडीदार. २०२० पासून तेथे पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला असून तिसरी-चौथीत खेळ व गाणी यांतून त्याची ओळख करून देतात. म्हणूनच मुलाखतीत असे प्रश्न येऊ शकतात: मुले गप्पच बसली तर काय कराल? सोबतच्या शिक्षकाने फळ्यावर चुकीचे वाक्य लिहिले, तर मुलांदेखत सुधाराल काय? दूरच्या खेड्यात नेमणूक झाली तर? पुष्कळदा लहानसा पाठही तेथल्या तेथे घ्यावयास सांगतात.

आम्ही तिला विचारले, “मुली, मराठी लपवावी असे तिने काय केले आहे?” जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते. इंग्रजीतील ‘अ’ व ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत, तशी जपानीतही नाहीत. जपानी अक्षरमालेचा अ-इ-उ-ए-ओ, मग क-स-त-न, हा क्रम तर भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातूनच तेथे रुजला. ‘र’ व ‘ल’ हा भेद त्या भाषेत नाही, आणि जोडाक्षर उच्चारताना मध्ये स्वर येतो. म्हणून ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. जी स्वतः ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ यांत अडखळून सावरली, तिला त्या बालकाची अडचण जितकी कळेल, तितकी इंग्रजी घरात जन्मलेल्यास सहजी कळणार नाही.

काही ठिकाणी मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांनाच पसंती मिळते, आणि बारा वर्षे इंग्रजी माध्यमातून शिक्षण झाल्याचा पुरावा पुष्कळदा मागतात, हे आम्ही तिच्यापासून लपविले नाही. तिचे शिक्षण त्या माध्यमातूनच झालेले; दाखले जुळवावयास सांगितले. परंतु लपवून मिळविलेली नोकरी पुढे रोज लपवीतच करावी लागते, हेही सांगितले.

मग स्वयंपाकीण मावशींच्या दोन नातवंडांना बोलावले. इंग्रजीचा त्यांना गंध नाही. आवडनिवड सांगण्याचे एक वाक्य शिकव, असे आम्ही सुचविले. प्रथम ती बोलतच राहिली आणि मुले तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. दुसऱ्या खेपेस तिने एका हाती पेरू व दुसऱ्या हाती कारले धरले, आणि शब्द मोजकेच वापरले. धाकट्याने कारल्याकडे पाहून तोंड वाकडे करीत इंग्रजीतूनच नकार दिला! तिघेही हसली.

परदेशी शिकवू इच्छिणाऱ्या आमच्या तरुणांस एवढेच सांगणे आहे. वेतन, निवास व कराराची मुदत आधी लेखी विचारून घ्या. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या वाटेस जाऊ नका. ठाऊक नसेल तेथे ‘ठाऊक नाही’ म्हणा. आणि उत्तरे घोकण्यापूर्वी शेजारच्या एखाद्या मुलाला काहीतरी शिकवून पाहा.

त्या कन्येची मुलाखत पुढील गुरुवारी आहे. वही मात्र ती आमच्या मेजावरच विसरून गेली. आम्ही ती मुद्दाम पोहोचती केलेली नाही.