घंटा डोळ्यांना दिसावी म्हणून

दृष्टी मंदावली की चष्मा येतो. त्यात कोणाला दोष दिसत नाही. कान मंदावले की मात्र घरच्यांचा आवाज चढतो. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी माझी बहीण आमच्या दारात बराच वेळ घंटा वाजवीत उभी होती. आई आत तांदूळ निवडीत बसली होती. दार उघडताच बहीण काळजीपोटी बोलून गेली, ‘‘आमचे बोलणे बरे ऐकू येते!’’ दुसऱ्या दिवसापासून आईने दुपारची विश्रांती सोडली आणि ती दाराशी खुर्ची टाकून बसू लागली.

आईचे काहीच चुकले नव्हते. वार्धक्यात प्रथम उच्च पट्टीचे, तीक्ष्ण स्वर हरपतात. त्यामुळे जवळचे बोलणे कळते, पण घंटेची किणकिण निसटते.

उपाय म्हणून घंटेचा आवाज प्रकाशात रूपांतरित करणारे एक लहानसे मंडल मी जुळविले. शर्टाच्या बटणाएवढा इलेक्ट्रेट मायक्रोफोन आवाज टिपतो. त्याचा क्षीण विद्युत्-संकेत ‘एलएम ३५८’ ही चिप वाढविते व ठरविलेल्या पातळीशी ताडून पाहते. पातळी ओलांडली की ‘५५५’ टायमर जागा होतो आणि एलईडी दिवा लावतो. टायमरला १०० किलोओहमचा रेझिस्टर व ४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडला, तर दिवा सुमारे ५ सेकंद तेवतो. सर्व काम ५ व्होल्टवर चालते. घंटेच्या २३० व्होल्टच्या तारांना हात लावावा लागत नाही, कारण मायक्रोफोन केवळ ऐकतो.

चूक माझ्याकडून पुढे झाली. मी मायक्रोफोन आईच्या खोलीत ठेवला. मिक्सर, कुकरची शिट्टी, पडलेले भांडे, सर्वांनाच दिवा लागे. आई प्रत्येक वेळी उठून दाराशी जाई. तिसऱ्या दिवशी तिने दिव्याकडे पाहणेच सोडले. यंत्राला आवाज कळतो, कोणाचा ते कळत नाही, हे तेव्हा उमगले. मग मायक्रोफोन घंटेच्या डबीला लागून बसविला, प्रीसेट फिरवून त्याची संवेदनक्षमता कमी केली आणि लांब तारेने दिवा मात्र आत नेला.

तो कोठे लावावा, हे या वेळी आईलाच विचारले. तिने पलंगासमोरची खिडकी दाखविली. मिटल्या डोळ्यांना दिवा दिसत नाही, म्हणून उशीखाली मोबाइलमध्ये असते तशी थरथरणारी लहान मोटर ठेवली. तिच्यासाठी ट्रान्झिस्टर व डायोड वेगळे लागतात.

वाचकहो, हे मंडल श्रवणतपासणीची जागा घेत नाही. ती वेळेवर करून घ्यावीच. पण घरात कोणी वारंवार दाराशी येऊन बसत असेल, तर त्यामागचे कारण एकदा विचारून पाहावे. आमच्या दाराशी आता खुर्ची नसते.