‘गोळ्या चालू आहेत का?’
आषाढ सरत आला की गटारीचे बेत शिजतात आणि श्रावण लागला की तीच मंडळी महिनाभर ग्लासाला शिवत नाहीत. म्हणजे थांबता येतं, फक्त पंचांगाची परवानगी लागते! एरवी पार्टीत नुसता लिंबू-सोडा घेतला, तरी ‘काय रे, गोळ्या चालू आहेत का?’ अशी चौकशी होते. पिणाऱ्याला कारण कुणी विचारत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातल्या सुधाकराला निदान कोर्टातल्या अपमानाचं कारण होतं.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, हे त्या कामामुळे अनेक घरांना कळलं. हा अंक मात्र त्या दारापर्यंत न पोहोचलेल्यांसाठीही आहे. नोकरी शाबूत, हप्ते वेळेवर. पण शुक्रवारी सात वाजले की नजर सारखी घड्याळाकडे. अशा काहींनी आपलं सोडणं इथे लिहिलंय. बहुतेकांना दारूपेक्षा मित्रांची टर जड गेली, आणि मला ते पटतं.

एक सूचना मात्र आत्ताच देतो. रोज भरपूर पिणाऱ्यांनी परस्पर एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भास, फिट असं काहीही होऊ शकतं. आधी डॉक्टरांना भेटा.