आवळ्याची आठवण करून देणारा चहा

आवळा चावून खाल्ल्यावर घोटभर पाणी प्यायले की ते पाणी गोड लागते, हा अनुभव आपण सर्वांनी लहानपणी घेतलेला असतो. पाणी तेच असते. बदललेली असते ती आपली जीभ. चीनच्या युनान प्रांतातील कच्च्या पु-अर चहाची रुची समजून घ्यायची असेल, तर याच आठवणीपासून आरंभ करावा. आधी कडू व तुरट, आणि घोट गिळल्यावर घशातून हळूहळू वर येणारा गोडवा, हे या चहाचे मर्म. चिनी रसिक त्यास ‘हुएगान’, म्हणजे परतून येणारी गोडी, म्हणतात.

हा चहा मोठ्या पानांच्या झाडांचा. आपल्या घरी दूध-साखरेत उकळणारा आसामचा चहाही बहुतांशी त्याच ‘आसामिका’ प्रकारातील आहे. फरक पडतो तो प्रक्रियेने. आपल्या दाणेदार चहाची पाने यंत्रात चिरडून काळी पडू दिली जातात. पु-अरची पाने मात्र तापलेल्या कढईत परतून, मळून उन्हात वाळवतात. मग वाफ देऊन त्यांची चकती दाबतात. प्रचलित चकतीचे वजन ३५७ ग्रॅम असते, आणि अशा सात चकत्यांची एक चवड बांधतात. उन्हात वाळवल्याने पानातील बदलाची क्रिया पूर्णपणे थांबत नाही. म्हणून हा चहा वर्षानुवर्षे मुरत राहतो. ओलसर ढिगात आंबवून केलेला ‘शिजवलेला’ पु-अर निराळा. तो काळपट आणि सौम्य असतो.

आस्वादासाठी विशेष सामग्री नको. झाकण असलेली चिनीमातीची लहान वाटी आणि एक गाळणी पुरे. चकतीच्या कडेने बोथट टोक घालून पाने थरांनी सोडवावीत. त्यांचा चुरा करू नये, कारण चुऱ्यातून कडूपणा एकदम उतरतो. शंभर मिलिलिटर पाण्यास पाच ग्रॅम पाने घ्यावीत. पहिले उकळते पाणी ओतून लगेच टाकून द्यावे. त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांतच अर्क गाळून घ्यावा. तीच पाने सात-आठ वेळा चालतात. दर वेळी अवधी थोडा वाढवावा.

पहिल्या घोटावर मत बनवू नये. आपल्या शास्त्रांनी तिक्त आणि कषाय असे दोन स्वतंत्र रस मानले आहेत. येथे तो भेद कामी येतो. कडू चव घोटासरशी विरली आणि मागे गोडी आली, तर चहा चांगला. तुरटपणा जिभेवर कोरडा चिकटून राहिला, तर पाने हलकी असावीत किंवा अवधी अधिक झाला असावा. शेवटी चोथा फेकण्यापूर्वी एक पान बोटांनी उलगडून पाहावे. ते जाड, लवचिक, ठळक शिरांचे आणि दातेरी कडांचे असेल, तर मोठ्या पानाची खूण पटली.

आता आरोग्याविषयी. हा चहा ‘चरबी वितळवणारा’ म्हणून विकला जातो. त्या आशेने तो रिकाम्या पोटी, दिवसातून अनेकदा पिणे शहाणपणाचे नव्हे. मोठ्या पानांत कॅफिन व तुरट द्रव्ये भरपूर असतात. कच्च्या, नव्या चहाने पोटात जळजळ होऊ शकते, झोपही उडते. शिवाय ही तुरट द्रव्ये भाजी-डाळींतील लोह शरीरास पुरेसे मिळू देत नाहीत. ज्या घरात कुणाचे हिमोग्लोबिन कमी आहे, तेथे हे विसरून चालणार नाही. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणापूर्वी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा टाळण्याचा सल्ला आहे. तो दुधाच्या चहाइतकाच यालाही लागू. गर्भवतींनी वैद्यांना विचारावे. मुलांना हा चहा देऊ नये. अर्क कढत गिळू नये, कोमट होऊ द्यावा. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेली पेये नित्य पिणे अन्ननलिकेस अपायकारक ठरू शकते.

साठवणीचेही पथ्य आहे. पाने भोवतालचा वास शोषून घेतात. म्हणून चकती मसाल्याच्या फडताळात ठेवू नये. कोकणातील पावसाळी हवेत तिला बुरशी येऊ शकते. बुरशी दिसली, तर ‘मुरलेला चहा’ अशी समजूत न घालता तो टाकून द्यावा.

दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, घरची दोन माणसे समोरासमोर बसून तीन-चार लहान वाट्या घेतील, तर एवढे पुरेसे आहे. औषध म्हणून नव्हे, तर जरा थांबण्याचे निमित्त म्हणून. पहिल्या घोटाला कपाळाला आठी पडेल; पडू द्यावी. आवळ्यानंतरच्या पाण्याची वाट पाहायला आपण पूर्वीच शिकलो आहोत.