एका वर्षाची बंदूक

2 ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन. 1954 साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटले. गेल्या मुक्तिदिनी झेंडावंदन आटोपून घरी आलो, तर माझा एक जुना विद्यार्थी ओट्यावर वाट पाहत बसलेला. बारा वर्षे धाग्याच्या कारखान्यात मशीन चालवले. नवी यंत्रे आली आणि याला घरी बसवले.

"सर, माझं मशीन जुनं झालं. म्हणजे मीही जुनाच झालो ना?"

लगेच उत्तर सुचेना. दिवस मुक्तिदिनाचा, म्हणून चहा होईपर्यंत त्याला पोर्तुगीजांच्याच एका बंदुकीची गोष्ट सांगितली.

लेफ्टनंट लुईस गेदेस या पोर्तुगीज अधिकाऱ्याने एक रायफल तयार केली. चापाभोवतीची लोखंडी कडी हीच तिची तरफ. ती खाली ओढली की नळीमागचा ठोकळा खाली सरकायचा आणि रिकामे काडतूस बाहेर पडायचे. नवे घालून तरफ वर केली की बंदूक तयार. गोळी मात्र एका वेळी एकच. आधी 11 मिलिमीटरची असलेली तिची नळी पुढे 8 मिलिमीटरवर आणली गेली. त्या काळात इतकी बारीक गोळी म्हणजे धाडसच! 1885 मध्ये लष्कराने ती स्वीकारली आणि ऑस्ट्रियातील स्टायरच्या कारखान्याकडे 40 हजार रायफलींची मागणी नोंदवली.

सुमारे 18 हजार तयार होतात न होतात तोच वारे फिरले. एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलींचे दिवस आले होते. 1886 मध्ये पोर्तुगालने क्रोपाचेक रायफल पसंत केली. तिच्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत आठ काडतुसे मावत. गेदेसची उरलेली मागणी रद्द झाली. तयार रायफलींपैकी बऱ्याचशा पुढे दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांना विकल्या गेल्या. 1899 ते 1902 च्या युद्धात इंग्रजांसमोर उभ्या राहिलेल्या बोअर शेतकऱ्यांच्या हातात त्या होत्या.

"म्हणजे भंगारातच गेली की, सर."

"अरे, पुरतं ऐक. नव्या क्रोपाचेकमध्ये काडतूस कुठलं घातलं? गेदेसचंच, 8 मिलिमीटरचं! आणि ती घडली कुठे? त्याच स्टायरच्या कारखान्यात."

तो गप्प झाला. मी विचारले, "धागा तुटायच्या आधी आवाजावरून कळतं तुला?"

"कळतं की."

"ते मशीनचं नाही, तुझं आहे."

नोकरीची हमी माझ्याकडे नव्हती, आणि खोटा धीर द्यायचा नव्हता. मी कागद-पेन पुढे केले आणि म्हटले, "तुला काय काय येतं ते लिही. मशीनचं नाव लिहू नकोस." चहा थंड झाला. पण कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, तेव्हा त्याने मान वर केली आणि दुसरा कागद मागितला.