जामीन मंजूर, सुटका नामंजूर



कोर्टाने जामीन मंजूर केला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण बाई त्या दिवशी सुटत नाही. पुष्कळदा त्या महिन्यातही नाही. जामिनाचा हुकूम आणि तुरुंगाचं दार यांच्यामध्ये जामीनदार उभा असतो, आणि तो मिळत नाही म्हणून ती आतच राहते.

धुणीभांडी करणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. मालकिणीची बांगडी सापडत नाही, संशय हिच्यावर, अटकही हिलाच. कोर्ट म्हणतं : पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. ऐकायला सौम्य वाटतं. पंधरा हजार लगेच भरायचे नसतात. तारखेला हजर राहिले नाही तर एवढी रक्कम भरीन, असं ती लिहून देते, तो जातमुचलका. तेच वचन तिच्यासाठी दुसऱ्या कुणी द्यायचं, तो जामीनदार. मात्र जामीनदाराने आपली ऐपत सिद्ध करायची. सातबारा आणा, घरपट्टीची पावती आणा, पगारपत्रक आणा, तहसीलदाराचा दाखला आणा.

आता हिच्या भोवतालची माणसं बघा. शेजारणी तिच्यासारख्याच, चार घरची कामं करणाऱ्या. पगारपत्रक कुणाकडे नाही. झोपडीचे कागद नवऱ्याच्या नावावर. भाऊ गावी, जमीन सामाईक, आणि वर शहरातलं कोर्ट म्हणतं की जामीनदार इथलाच हवा. उरतो नवरा. तो म्हणतो, ‘‘चोर बायकोसाठी मी सही करणार नाही.’’ म्हणजे तिने किती दिवस कोठडीत राहायचं हे आता कायदा ठरवत नाही, नवरा ठरवतो!

आमचा आक्षेप इथेच आहे. ज्याच्याकडे मालमत्ता त्याचाच शब्द खरा, असं ही पद्धत धरून चालते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. पण किती जणींचं नाव सातबाऱ्यावर चढलं? आधी बाईच्या नावावर काही ठेवायचं नाही, आणि मग नावावर काही नाही म्हणून तिला डांबून ठेवायचं, हा कुठला न्याय?

अजामीनपात्र गुन्ह्यातही स्त्रीला जामिनावर सोडता येतं, ही सवलत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्येही ती आहे. पण ही माया हुकुमाच्या कागदापुरती. जामीनदार शोधताना बाई पुन्हा एकटीच.

‘‘जामीनदार नसेल तर आरोपी पळून जाईल,’’ असं सांगितलं जातं. जिची मुलं वस्तीत, कामाची घरं वस्तीजवळ, ती पळून जाणार कुठे? आणि हे आम्हीच म्हणतो असं नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. १९७९ साली बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्याची मुळं समाजात रुजलेली आहेत त्याला जातमुचलक्यावर सोडता येतं. इतकी वर्षं उलटली, तरी ‘जामीनदार आणा’ हे पालुपद थांबलेलं नाही.

तेव्हा केवळ संतापून भागणार नाही. हत्यारं आहेत, ती वापरू या.

गुन्हा जामीनपात्र असेल आणि बाई गरिबीमुळे जामीनदार देऊ शकत नसेल, तर तिला जातमुचलक्यावर सोडणं कलम ४७८ नुसार बंधनकारक आहे. अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही, तर ती गरीब आहे असं मानायला तेवढं कारण पुरेसं ठरतं.

गुन्हा अजामीनपात्र असेल तर ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश हाताशी ठेवा. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिना उलटला तर अट सैल करायची का, याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. अधीक्षकाने कळवलं का, हे विचारायला आपण जायचं. अट बदलण्याचा अर्ज वकिलाकडून त्याआधीच करून घ्यायचा.

आणि ज्यांच्याकडे पगारपत्रक आहे, घर नावावर आहे, त्या आपण स्वतः जामीनदार का होऊ नये? धोका आहे, बाई तारखेला आली नाही तर रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून तारखा संघटनेने वहीत लिहून ठेवाव्यात आणि तिच्यासोबत कोर्टात जावं.

पण हा तात्पुरता इलाज झाला. मागणी एकच : गरीब बाईच्या बाबतीत जातमुचलका हाच नियम हवा, आणि जामीनदार मागायचाच असेल तर त्याची कारणं कोर्टाने हुकुमात लिहावीत. बाईचा शब्द तिच्या नवऱ्याच्या सातबाऱ्याइतकाच खरा आहे, हे एकदा मान्य होऊ द्या.