नवी बंदूक पारखून घ्या

शेतकरी बंधूंनो, बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. पीक राखणीची बंदूक मात्र 'कारखान्याचा माल' म्हणून डोळे झाकून घरी आणतो. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने नवी दुनळी बारा बोअर आणली. घरी रिकाम्या बंदुकीची सेफ्टी लावून सहज चाप ओढला, तर आत टक् आवाज झाला! दोष एवढासाच, पण भरल्या बंदुकीने बांध उतरताना चापाला फांदी अडकली असती तर?

तेव्हा दुकानातच पाहून घ्या. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. बंदुकीवरचा नंबर बिलाशी ताडा. नळ्या सुट्या करून आतले तेल पुसा व उजेडाकडे धरून पाहा. पोचा किंवा ओरखडा लगेच दिसतो. बंदूक पुन्हा जोडल्यावर नळी हलता कामा नये. दस्त्याचे लाकूड लोखंडाला मिळते तिथे केसाएवढी चीर शोधा. शेवटी दुकानदाराला नकली काडतूस घालून सेफ्टी तपासून दाखवायला सांगा.

दोष निघाल्यास गावच्या लोहाराकडे नेऊ नका. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. बिलासह दुकानदाराकडेच परत न्या.

आणि सेफ्टी चांगली निघाली, तरी तिच्यावर विसंबू नका. बांध ओलांडण्यापूर्वी काडतूस काढा; घरात शिरण्यापूर्वी तर काढाच.