भिंतीलगतची फट

काम चोख झाले की नाही हे आपण कशावरून ठरवतो? सांध्यात नख शिरत नसेल तर काम फर्मास, फट दिसली की कारागीर कामचुकार. मीही असेच मानत आलो. सरकारी कचेरीत वीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांतल्या त्रुटी काढल्यावर ही सवय अंगात मुरतेच.

माझी ताई मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्याला दिलेली. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात गेलो तेव्हा तिच्या बैठकीत व्हिनाइलची तरंगती फरशी घालणे चालू होते. तरंगती म्हणजे जमिनीला न चिकटवता, पट्ट्या एकमेकींत अडकवून अंथरलेली. गोंदियाहून आलेला तरुण कारागीर चारी भिंतींलगत आठ मिलिमीटर फट सोडत होता.

"भाऊ, उन्हाळ्यात हिला जागा लागते," तो म्हणाला. मी ऐकले नाही. आमच्या गोव्यात असले काम चालत नाही, असे ठणकावले. बिचाऱ्याने पट्ट्या भिंतींना भिडवल्या. एक दिवस वाया गेला म्हणून भावजींनी वर त्याची मजुरीही कापली.

मे महिन्यात ताईचा फोन आला. पश्चिमेच्या खिडकीसमोर फरशी कासवाच्या पाठीसारखी उचलली होती आणि सासूबाई तिला अडखळून पडल्या होत्या. मनगट मोडले.

तिकडे थंडीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. व्हिनाइल तापले की पोलादापेक्षा कितीतरी जास्त पसरते. भिंत हटत नाही, मग फरशी वर उठते. लामत्यावरून 2015 पर्यंत नॅरोगेज गाडी धावायची. तिची खडखड रुळांच्या सांध्यांतल्या अशाच फटींची. आजचे लांब रूळ जोडून एकसंध केलेले असतात, कारण स्लीपर आणि खडी त्यांना जखडून धरतात. तरंगत्या फरशीला धरणारे कोणीच नाही. तिला मोकळीकच हवी.

आपल्या जुन्या मेस्तांना हे शिकवावे लागत नव्हते. दाराच्या चौकटीतली फळी ते खाचेत नुसती बसवत, सरसाने चिकटवत नसत. पावसाळ्यात फुगली तरी दार तडकत नसे. आपण त्या दारांचे कौतुक करतो आणि आजच्या कारागिराने फट ठेवली की त्याच्यावर डोळे वटारतो.

हल्ली आपल्याकडेही चवथीआधी फ्लॅटांत ही फरशी घालतात. खोक्यावर सांगितलेली फट सोडू द्या, दाराच्या चौकटीपाशीसुद्धा. ती पांढऱ्या सिमेंटने बुजवू नका. झाकायची पट्टी भिंतीला ठोका, फरशीला नव्हे. स्वयंपाकघराचे जड ओटे-कपाटे तिच्यावर पक्की करू नका, आणि भर उन्हाच्या खिडकीला पडदा लावा. मुख्य म्हणजे, ज्याचे काम त्याला करू द्या.

त्याच कारागिराला भावजींनी पुन्हा बोलावले. त्याने कडा कापून फट मोकळी केली आणि दोन दिवसांत फरशी खाली बसली. कापलेली मजुरी मी पाठवून दिली, फोनवर माफीही मागितली. तो नुसता हसला. सासूबाईंचे मनगट मात्र थंडीत अजून ठणकते.